व्होईच्या कुमुदताई

स्पष्टच लिहिते. मी कुमुदताईंवर जळत होते. त्या मला आवडायच्याही. दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात, आणि इंग्लंडातल्या पिनरच्या त्या चर्च हॉलच्या दारात उभी राहून मी ती वर्षभर केली.

मराठी मंडळाने महिन्यातून एका रविवारी तो हॉल घेतलेला असायचा. मी स्लाऊहून ट्रेन आणि मग बस बदलत यायचे, काखेत पत्रकांचा गठ्ठा. पूर्व आफ्रिकेत अभयारण्याच्या नावाखाली गुराख्यांना त्यांच्याच जमिनीवरून हुसकावतात, पर्यटकांच्या पोहण्यासाठी त्यांचं पाणी वळवतात, हा आमच्या छोट्याशा गटाचा विषय. मी नागपूरची. जंगलातून उठवलेल्या गावांसाठी कॉलेजात असताना घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यात, आणि लिहायला शिकले ती पत्रकंच. इथे सोमवार ते शुक्रवार एका वेअरहाऊसचं सॉफ्टवेअर टेस्ट करायचं आणि वीकेंडला लोकांना जागं करायचं, असं माझं चाललं होतं. लोक जागे होत नव्हते. पत्रक घ्यायचे, "अरे वा, मराठीत!" म्हणायचे, आणि आत जाऊन त्यावर बटाटेवडा ठेवायचे.

आत कुमुदताईंच्या स्लाइड्स चालू असायच्या. तिथे खुर्च्या कमी पडायच्या.

आता मला सांगा, राग येणार नाही? विषय तोच. तीच पूर्व आफ्रिका, तेच गवताळ माळ, तेच हत्ती. मी लाल अक्षरात अन्याय लिहून दारात उभी, आणि ह्या बाई अंधारात नुसतं "हे बघा" म्हणतात तर लोक श्वास रोखून बघतात. त्यातून मी आफ्रिका पाहिलेलीही नव्हती. तिथल्या विस्थापनावर मी कुणालाही गप्प करू शकत होते, पण तिथल्या मातीचा रंग कसा असतो हे कुणी विचारलं असतं तर मीच गप्प झाले असते. कुमुदताई तिथे जन्मल्या होत्या.

त्यांचे वडील मोंबासाच्या लाइनवर व्होईला स्टेशनमास्तर. लग्न करून ताई इंग्लंडात आल्या आणि इथल्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर म्हणून रिटायर होईपर्यंत एक्स-रे काढत राहिल्या. भाऊ व्होईला होता तोवर दर दोन-तीन वर्षांनी जायच्या, ह्या स्लाइड्स तेव्हाच्या. भाऊ वारला आणि जाणं थांबलं. उंच, हाडकुळ्या बाई. साडीवर तपकिरी कार्डिगन, साडीखाली ट्रेनर्स. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती: हातात काहीही द्या, आधी उजेडाकडे धरणार. लग्नाची पत्रिका, उडदाचा पापड, कौन्सिलचं पत्र, सगळं खिडकीशी. माझं पहिलं पत्रकही त्यांनी ट्यूबलाइटकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाडं दणकट आहेत. मांस कमी आहे." आजूबाजूचे हसले. मी घरी जाऊन ते वाक्य चार जणांना रागाने सांगितलं.

कार्यक्रमाची त्यांची रीत ठरलेली. पहिल्या स्लाइडवर नुसतं गवत. दुसऱ्या स्लाइडवरही गवत, जरा जास्त वाळलेलं. तिसऱ्याला मागच्या रांगेतून शिरीषदादाचा आवाज यायचा. शिरीषदादा मंडळाचा सेक्रेटरी, बँकेत आयटीला, त्याला सगळं वेळेत लागतं.

"ताई, सिंह कुठाय?"

"बाडो," ताई म्हणायच्या. स्वाहिलीत, अजून नाही.

आणि लोक थांबायचे! पिझ्झा उशिरा आला तर कंप्लेंट करणारे लोक. मग ताई काठीने एक जागा दाखवायच्या. "वारुळाशेजारी तो दगड दिसतोय? दगड नाहीये तो." हॉलभर "आईशप्पथ" व्हायचं. मग लाल हत्ती यायचे, भाजलेल्या विटेसारखे लाल, कारण तिथली मातीच तशी आणि ते तीच अंगावर उडवून घेतात. गोरखचिंचेची झाडं यायची, एकेक खोड टपरीएवढं. मागच्या दोन पायांवर उभं राहून झुडपाचा शेंडा खाणारं लांब मानेचं हरीण यायचं. "हे आमच्या क्वार्टरमागे रोज संध्याकाळी," ताई सांगायच्या, "वरच्या फळीवरचा डबा काढणाऱ्या बाईसारखं." आणि सगळ्यात शेवटी तैता डोंगर, सकाळचे, निळे.

पुढे पुढे मंडळात कुणी विचारलं की चहा झाला का, तर किचनमधून उत्तर यायचं, "बाडो!" पोरंसुद्धा होमवर्कबद्दल बाडो म्हणायला लागली. मी इतक्या घोषणा रचल्या, यमक जुळवून रचल्या, एकही कुणाच्या तोंडात बसली नाही.

त्या वर्षीच्या जूनमध्ये मंडळाची ट्रिप इथल्या एका सफारी पार्कला गेली. म्हणजे कोचमध्ये बसून कुंपणातले सिंह बघायचे. मी गेले ती कोचमध्ये पत्रकं वाटायला. भुरभुर पाऊस, काचांवर वाफ, पुढच्या गाडीच्या वायपरशी माकडं झटतायत आणि आमची मंडळी खिदळतायत. सिंहांच्या भागात रांग थांबली. सिंह एका शेडखाली, हीटरजवळ, ओल्या गोणपाटासारखे पडलेले. मी ठरवलं, हीच वेळ. उभी राहिले, गठ्ठा सोडला, तोंड उघडलं.

तेवढ्यात पुढच्या सीटवरून कुमुदताईंचा आवाज आला. हॉस्पिटलचा आवाज, इंग्रजीतून. "ब्रीद इन. अँड होल्ड इट."

अख्ख्या कोचने श्वास धरला. लहान पोरांनी, शिरीषदादाने, रिटायर्ड डॉक्टरांनीसुद्धा. ड्रायव्हरने काय समजून कोण जाणे, इंजिन बंद केलं. त्या शांततेत शेडखालून एक आवाज आला. डरकाळी म्हणता येणार नाही, छातीत अडकलेला खोकला असतो तसा, पण सीटच्या लोखंडातून पायात उतरला. "आता सोडा," ताई म्हणाल्या. परतीच्या वाटेवर पोरांनी आपणहून विचारलं, ते इथे का ठेवलेत, त्यांना परत का नेत नाहीत.

हे प्रश्न माझे होते! माझ्या पत्रकाच्या पहिल्या पानावर होते. आणि मी हातात गठ्ठा धरून उभी, कारण मीसुद्धा श्वास धरला होता.

नोव्हेंबरात ताईंनी मला दारातून आत ओढलं. "नागपूर, पत्रकं वाटून झाली असतील तर ये. प्रोजेक्टर चालव. आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना उभं राहवत नाही." हे म्हणजे काका, डॉक्टर होते, आणि त्यांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी गेले. स्लाइड्स ट्रेमध्ये भरताना एक उलटी बसली, डावं उजवीकडे झालं. बिबट्याची स्लाइड होती. मोठ्या काटेरी झाडावर बिबट्या, उजव्या फांदीवर, अगदी ढळढळीत.

ताई पडद्याशी गेल्या आणि काठी डाव्या फांदीवर ठेवली. "इथे बघा. शेपूट खाली लोंबतेय. दिसली?"

फांदी रिकामी होती. मला वाटलं आता कुणीतरी सांगेल.

"हो हो, दिसली!" शिरीषदादा म्हणाला.

"काय कॅमोफ्लाज आहे ना," दुसरं कुणीतरी.

"मिशा बघा, मिशा!" तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंना तर मिशाही दिसल्या.

आणि खरा बिबट्या दुसऱ्या फांदीवर बसून आमच्याकडे बघत होता. त्याच्याकडे बघणारी हॉलमध्ये मी एकटी. मला कळलं की ताईंना पडदा दिसत नाहीये, त्या पाठ असलेलं सांगतायत. हे कळल्यावर माणसाला कणव यावी. मला आधी संताप आला. ह्यांनी म्हटलं तर लोकांना नसलेला बिबट्या दिसतो, आणि मी आटलेल्या विहिरीचा फोटो नाकासमोर धरते तर विहीर दिसत नाही!

खुर्च्या आवरताना मी म्हटलं, "ताई, ती स्लाइड उलटी बसली होती."

त्या पडदा गुंडाळत होत्या, थांबल्या. "बिबट्याची?"

"हो."

"आणि कुणी बोललं नाही." त्यांना जरा हसू आलं. "मधलं सगळं धुरात गेलंय गं. कडा शाबूत आहेत. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं. उन्हाळ्यापर्यंत कडा किती राहतील, डॉक्टर सांगत नाहीत. ईस्टरला व्होई बघून येते, मग सांगू सगळ्यांना. तोवर तोंड बंद."

ईस्टरची ट्रिप शिरीषदादाने जमवली होती. मंडळातली आठ-दहा कुटुंबं, नैरोबीला उतरायचं, ताईंसाठी म्हणून एक दिवस व्होई, आणि मग दोन रात्री पार्कच्या कडेला एका लॉजवर. काकांच्या तब्येतीमुळे ताई-काका दोघंच जाऊ शकत नव्हते. मंडळाबरोबर गेल्या तरच ताई गेल्या.

डिसेंबरच्या मीटिंगला शिरीषदादाने लॉजचे रंगीत कागद वाटले आणि मी उडाले. ते लॉज आमच्या गटाच्या यादीत होतं. गुराख्यांचा झरा कुंपणात घेऊन बसलेलं. मी उभी राहिले आणि बोलले, चांगली पंधरा मिनिटं बोलले.

"अगं, आम्ही दोन रात्री झोपायला चाललोय," शिरीषदादा म्हणाला, "वसाहत करायला नाही!"

हॉल हसला. मी ताईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या, पण बोलतही नव्हत्या. त्यांचा एक शब्द पुरला असता, हे मला माहीत होतं आणि त्याचाच राग होता.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. भांडायलाच गेले. ताई ओट्याशी तीळ भाजत होत्या, काका टेबलाशी औषधांच्या गोळ्या डबीत भरत होते. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी सवयीने खिडकीशी धरलं, मग माझ्या हातात परत दिलं. "वाच."

मी वाचलं. मोठ्याने, जसं लिहिलं होतं तसं.

"साम्राज्यवादी किती वेळा आलंय गं त्यात?"

"तोच मुद्दा आहे."

"असेल. पाणी कुठलं?"

ते पत्रकात नव्हतं. माझ्या बॅगेतल्या रिपोर्टात एका म्हाताऱ्या गुराख्याचं म्हणणं होतं, ते शोधून वाचलं. काळ्या खडकाखाली झरा, वर गोरखचिंचेची दोन झाडं, एकमेकांना टेकलेली.

ताईंनी गॅस बंद केला. "जुळी झाडं. डावं खोड आतून पोकळ, मी आणि भाऊ आत लपायचो." त्यांनी उलथनं बाजूला ठेवलं. "बाबा तिथे आमची मोटार थांबवायचे पाण्यासाठी. गुराखी असले की आधी त्यांच्या गायी. गायींचं पिऊन होईपर्यंत बाबा टोपी काढून उभे. स्टेशनमास्तर! आई गाडीतून ओरडायची, उशीर होतोय म्हणून. आता काय आहे तिथे?"

"कुंपण. आत पोहायचा तलाव."

काका गोळ्यांवरून मान वर न करता म्हणाले, "कुमुद, ते लॉज गेलं तर व्होईपण जातं. गाड्या त्यांच्याच आहेत. शिरीष म्हणाला ना."

"माझे डोळे गेलेत. कान आहेत."

"मी आपलं आठवण केली."

ताई माझ्याकडे वळल्या, म्हणजे माझ्या कानाकडे. "हे नवीन छाप. सुरुवातीला झरा घाल, झाडं घाल, गायी घाल. तुझं साम्राज्य खाली कुठेतरी राहू दे. संक्रांतीच्या आधी आणून दे."

मी छापलं. चिडून छापलं, पण छापलं.

कुमुदताईंच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे पिनरपासून एजवेअरपर्यंतच्या बायका. काकांची रवानगी गराजमध्ये, हीटर आणि रेडिओ देऊन. वाण म्हणून दरवर्षी स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे, काहीतरी कामाचं असायचं. त्या वर्षी ताईंनी तिळगूळ दिला, हळदीकुंकू लावलं, आणि प्रत्येकीच्या ओटीत एक कागदाची सुरळी घातली, लाल दोऱ्याने बांधलेली, वर हळदीकुंकवाची बोटं.

"हे काय ताई, ह्या वर्षी कॅलेंडर?"

"वाण आहे," ताई म्हणाल्या. "घरी जाऊन बघ. आणि तिळगूळ घे, गोड बोल."

मी कोपऱ्यात चहाचे कप धरून उभी होते. माझं पत्रक. ज्याच्यावर वडे ठेवले गेले ते. आता पैठण्या नेसलेल्या बायका दोन्ही हातांनी पदरात घेत होत्या. वाण नको म्हणता येत नाही. आणि घरी गेल्यावर उघडून बघितलं, तरी हळदीकुंकू लागलेला कागद रिसायकलिंगच्या डब्यात कोण टाकणार? कुणी फ्रिजला लावला, कुणी देवघराशी ठेवला. तिथून तो रोज दिसायला लागला. नवऱ्यांना दिसला, पोरांनी अक्षर लावत वाचला. "आई, गायींना पाणी का नाही देत ते?"

फेब्रुवारीत शिरीषदादाचा फोन आला. "तू जिंकलीस बाई. माझ्या घरातच बंड झालंय. बायको म्हणते त्या तलावात पाय नाही घालणार. सगळ्या तेच म्हणतायत, कुमुदताईंनी सांगितलंय म्हणे. लॉज कॅन्सल केलं, आणि का केलं ते त्यांना लिहून कळवलंय."

कुमुदताईंनी सांगितलंय. पत्रकाच्या तळाशी माझं नाव होतं, कुणीही वाचलं नव्हतं.

"आणि व्होई?" मी विचारलं.

"ते गेलंच ना. तारखाही गेल्या. ऑगस्टमध्ये दुसरं पार्क बघतोय, ते नदीवालं, हजारो प्राणी उड्या मारत नदी ओलांडतात ते. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, तिथे माझं काय आहे?"

लॉज रद्द व्हायलाच हवं होतं. मी आजही तेच म्हणेन, त्यात एक शब्द बदलणार नाही. मंडळी ऑगस्टमध्ये नदीवर जाऊन आली, मगरी आणि झेब्र्यांचे शेकडो डिजिटल फोटो घेऊन. कुमुदताईंनी स्लाइड्स बंद केल्या. डोळ्यांचं सगळ्यांना कळलं. बायका आळीपाळीने डबे नेऊन द्यायला लागल्या, आणि मी त्या बायकांवरही जळले, कारण त्यांचं त्या घरी जाणं किती सोपं होतं.

पुढच्या वर्षी आमच्या गटाने मला तिकडे पाठवायचं ठरवलं. झऱ्याचं भांडण अजून चालू होतं, गुराख्यांना भेटून त्यांचं म्हणणं लिहून आणायचं होतं. नैरोबीहून मोंबासाच्या गाडीने जायचं, व्होईला उतरायचं. मी हे सांगायला पिनरला गेले. का गेले? फोन करता आला असता. खरं कारण हे की ह्या एका बाबतीत तरी मी त्यांच्या पुढे होते आणि ते त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं.

दार त्यांनीच उघडलं. काका झोपले होते. मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग पुढे आल्या, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, आणि स्वतःची मान अशी तिरकी केली की डोळ्याच्या कडेतून मी थोडी तरी दिसावी. हात गार होते, त्यांना कांद्याचा वास येत होता.

"गाडी पहाटे पोचते," त्या म्हणाल्या. "उतरलीस की लगेच बाहेर जाऊ नकोस. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जा, पाण्याच्या टाकीच्या पुढे. तिथून डोंगर दिसतात. ऊन वर आलं की संपलं."

"बरं."

"झऱ्यावर जायला मिळालं तर झाडाच्या आत हात घाल. गार असतं."

"घालीन. तुमच्यासाठी काही आणू?"

त्यांनी माझं तोंड सोडलं. "नको. जळफळाट होतोय मला, नागपूर. तू जाणार आणि तुला त्यातलं काय माहितीय? जा आता. नाहीतर मी काहीतरी वाईट बोलेन."

दार लागलं. मी फाटकाबाहेर आले. इतके दिवस हेच हवं होतं मला, की त्यांनी माझ्यावर जळावं. मला आनंद झाला. तो बसस्टॉपपर्यंतसुद्धा टिकला नाही.

स्टॉप त्यांच्या घरासमोरच होता. पुढच्या खोलीचा दिवा लागला आणि ताई काचेशी येऊन उभ्या राहिल्या. मी हात हलवला. मग दिसलं की त्यांनी पाठ रस्त्याकडे केलीय. तपकिरी कार्डिगन, ताठ मान. कडेच्या नजरेतही मी येऊ नये अशा त्या उभ्या होत्या, आणि माझी बस येऊन सुटेपर्यंत तशाच राहिल्या.